मदत हवी आहे: तुळशीचा अर्क तपकिरी होतोय, कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) कसं मोजू?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कुंडीतल्या तुळशीला 0, 50, 100 आणि 150 मिलिमोलर मिठाचं पाणी 3 आठवडे दिलं (एकदम नाही, टप्प्याटप्प्याने वाढवत). एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ताणात पेशीला वाचवणारं दुसरं एन्झाइम) वाढलं, पण 150 ला कॅटलेज जवळपास शून्य. हे मला खरं वाटत नाही, कारण पानं खलात वाटली की दोन मिनिटांत अर्क चहासारखा होतो. फिनॉल्सचाच उपद्व्याप असणार (पानांतली ही द्रव्यं हवा लागली की तपकिरी होतात आणि एन्झाइम बिघडवतात). फॉस्फेट बफर, पीएच 7, त्यात 1% पीव्हीपी (फिनॉल्स धरून ठेवणारं, विरघळणारं पॉलिमर), सगळं बर्फावर. तरी 240 नॅनोमीटरला (जिथे पेरॉक्साइड किती घटलं ते मोजतो) अर्काचा ब्लँकच, म्हणजे पेरॉक्साइड न घालता घेतलेलं रीडिंगच, चढलेलं. पानं गोठवून वाटायला द्रव नायट्रोजन मिळत नाही. प्रथिनं ब्रॅडफर्डने (रंगावरून मोजायची पद्धत) मोजलीत. पीव्हीपीऐवजी न विरघळणारं पीव्हीपीपी घालून तुळस किंवा पुदिन्यात कुणी कॅटलेज मोजलंय का? ग्रॅमभर पानांना किती घालता?