बेल्जियममधल्या ईपरला जातोय, कमानीवर नाव सापडेल का?

खानापूरकर: लेक ब्रसेल्सला असते, जूनमध्ये जातोय. आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, परत आलेच नाहीत. ईपरच्या मेनिन गेटवर, म्हणजे युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या स्मारक-कमानीवर, नाव असेल का? आणि तिथल्या इमारती खरंच जुन्या आहेत का?

टिळकवाडीची: काका, आधी पलटण बघा. मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या. गेटवर ५४,००० हून जास्त नावं, भारतीयही आहेत. वाचून वाचून माझी मान अवघडली! रोज रात्री ८ ला तिथं शहिदांसाठी बिगुल वाजतो, तो चुकवू नका.

निपाणीकर: क्लॉथ हॉल, म्हणजे तिथली जुनी कापडपेठ, मूळचा १३०४ चा, पण त्या युद्धात तोफांनी जवळजवळ भुईसपाट. आत्ताचा १९६७ ला पुरा झाला.

खानापूरकर: ट्रंकेतला त्यांचा पलटणीचा बिल्ला चिंचेनं घासला. ११० दिसतंय.

टिळकवाडीची: मग ती ११० वी मराठा पलटण. मेसोपोटेमियातला कूतचा वेढा बघा, काका, ती तिथं होती.