तोफखान्यात टॅब आला, म्हणजे नक्की काय बदललं?

नाशिककर: युक्रेनचे तोफची म्हणे अँड्रॉइड टॅबवर ‘क्रोपिवा’ नावाचं अ‍ॅप वापरतात. त्याने एवढा काय फरक पडतो?

माजी_तोफची: १९९९ला द्रासमध्ये ओपी, म्हणजे पुढून लक्ष्य बघणारा निरीक्षक, वायरलेसवर ग्रिड (नकाशावरच्या ठिकाणाचे आकडे) सांगायचा, मग आम्ही तोफेच्या नळीची दिशा नि उंची कागदावर काढायचो. बोटं गारठलेली, पेन्सिल धरवत नसे! क्रोपिवात नकाशावर ठिकाण दाखवलं की आकडे तयार. पण वरचा शत्रूचा ड्रोन तुम्हालाही तितक्याच लवकर हुडकतो. म्हणून आता तोफा ओळीने मांडत नाहीत; एकेक, लांब लांब, झाडीत.

कोकणी_माणूस: जॅमर (रेडिओ सिग्नल अडवणारं यंत्र) लावला की ड्रोन आंधळाच ना?

माजी_तोफची: फायबरच्या (काचेच्या बारीक तारेच्या) रिळावर चालवले जाणारे ड्रोन आलेत की! मागे दहा-दहा किलोमीटर तार सोडत जातात. रेडिओच नाही, जाम काय करणार? आम्हीही टेलिफोनची केबल अशीच रिळातून अंथरायचो.