शब्दचर्चा : देवाची ‘उपस्थिती’ की ‘वस्ती’?

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीच्या, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पत्रकाचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलंय. मथळा आहे, ‘दैनंदिन जीवनात देवाच्या उपस्थितीसाठी जागा निर्माण करणे’. व्याकरणात चूक नाही, पण वाचताना दाताखाली खडा येतो. दुसरं काय लिहिता येईल?

– ‘उपस्थिती’ म्हटलं की मला कार्यक्रमपत्रिकेतली ‘प्रमुख उपस्थिती’ आठवते. पाहुणे दीपप्रज्वलन करणार, दोन शब्द बोलणार आणि गाडीत बसणार. प्रार्थनेत आपण ‘समक्षता’ म्हणतोच की, ‘प्रभू, तुझ्या समक्षतेत येतो’. तोच शब्द घ्या.

– समक्षता चर्चमध्ये शोभते. बाहेरच्या वाचकाला मात्र तहसीलदाराची नोटीस वाटेल : समक्ष हजर राहावे. ‘सान्निध्य’ गोड आहे, पण ते आता निसर्गाच्या सान्निध्यातल्या बंगल्यांच्या जाहिरातींनी पळवलंय.

– मी वसईची, कॅथलिक. ‘उपस्थिती’ला इतकं हिणवू नका. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेल्या भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, असं आम्ही मानतो. तिथे सान्निध्य म्हटलं तर अर्थ पातळ होतो. जवळ असणं वेगळं, तिथे असणं वेगळं.

– वसईच्या ताईंचं म्हणणं मान्य, पण ते वेदीपुरतं. पत्रक चुलीपाशी, दुकानात, एसटीत काय करायचं ते सांगतंय. त्यासाठी शब्द आपल्या बायबलातच पडलाय. योहान १:१४ : ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ मूळ ग्रीक क्रियापद ‘तंबू’ ह्या अर्थाच्या शब्दावरून आलंय, म्हणजे तंबू ठोकून राहिला. बायबलच्या निर्गम पुस्तकात देवाच्या निवासासाठी उभारलेला तंबू आहे, त्या निवासमंडपाला हिब्रूत ‘मिश्कान’ म्हणतात, त्याच्याही मुळाशी वस्ती करणंच आहे. आणि मराठीत वस्ती म्हणजे रात्रीचा मुक्काम! आमच्या नगरकडच्या गावाला वस्तीची गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपायचे, कुणाच्या तरी घरची भाकरी खायचे आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत जायचे. उपस्थित राहणाऱ्याला खुर्ची दिली की भागतं. वस्तीला आलेल्याला अंथरूण लागतं, आणि ते घालायला आपलं सामान हलवावं लागतं.

– वा, वस्तीची गाडी! आता ‘जागा निर्माण करणे’चंही बघा. जागा काय कारखान्यात निघते? ‘जागा करणे’ पुरे. माझी आजी तर ‘सरका’ एवढंच म्हणायची. दीड खोलीचं घर. जेवणं झाली की खरकटं काढायचं, शिवणाचं मशीन भिंतीला लावायचं, रेडिओ बंद. ‘सरका रे, प्रार्थनेला बसायचंय.’ मशीन सरकवल्यावर जी चटईभर फरशी मोकळी व्हायची तिच्यावर आम्ही सातजण. देवासाठी वेगळी खोली नव्हतीच. तिथेच नंतर अंथरुणं पडायची.

– ह्यावरून येशूच्या जन्माच्या गोष्टीतलं लूक २:७ बघा : ‘त्यांना उतारशाळेत जागा नव्हती.’ इथला ग्रीक शब्द ‘कतालुमा’ आहे आणि शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूकने २२:११ मध्ये तोच वापरलाय. लूकमध्येच चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याचा, दाखला आहे; त्यात पैसे देऊन उतरण्याची जागा आहे, तिथे मात्र निराळा शब्द. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, कतालुमा म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असावी. ती भरलेली, म्हणून घरातल्याच जनावरांच्या बाजूला गव्हाणीत बाळाची सोय केली. हे खरं धरलं तर नाताळच्या नाटकातला दार आपटणारा उतारशाळेचा मालक उगाच बदनाम झाला. (दोन वर्षं ते काम मीच केलंय. संवाद एकच होता : ‘जागा नाही!’)

– माझंही मत ‘वस्ती’लाच. फक्त शहरातल्या तरुण वाचकाला वस्ती म्हणजे झोपडपट्टी वाटायची भीती आहे. ‘वस्तीला येणे’ असं क्रियापदासकट लिहिलं तर घोटाळा होणार नाही.

पुन्हा मी, प्रश्नकर्ती : मथळा केला, ‘देव वस्तीला येतोय, जरा सरकून घ्या’. पाळकसाहेब हसले, मग म्हणाले, ‘सरकून घ्या’ ठेवा, ‘जरा’ काढा.