मदत हवी आहे: आईची कॅल्शियमची गोळी सकाळी की रात्री? (तातडीचं)

पाणंद
आई खळ्यात शेवाळावरून घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलंय, १-०-१. सकाळची गोळी घेतली की तिला मळमळतं. मग दोन्ही रात्रीच दिल्या तर चालतील का? शेजारच्या काकी म्हणतात कॅल्शियमने मुतखडा होतो, बंदच कर. डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि या पावसात कणकवली गाठायची म्हणजे अख्खा दिवस जातो. पाकीट उद्या संपतंय. कृपया नेमकं सांगा. नाचणी खा, दूध प्या असले प्रतिसाद नकोत.

कुळीथपिठी
तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, नाचणीच! १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हातांदळात त्याच्या जवळपासही नाही. आमच्या आजीने आयुष्यात गोळी पाहिली नाही, नव्वदीतही पाटावरून आपली आपण उठायची.

पाणंद
धन्यवाद. प्रश्न गोळीचा होता.

रापणकर
आवशीचा वय सांगूक नाय, दुसरी औषधा सांगूक नाय, आणि गोळी कधी घेवची ता इचारतास. आमी काय ज्योतिषी?

तिरफळ
रापणकरांशी सहमत. मी औषधाचं दुकान चालवते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पाकिटावर कार्बोनेट लिहिलंय की सायट्रेट? सकाळची गोळी उपाशीपोटी देता का? थायरॉइड, पित्त, बीपी, लोह, यातलं काय चालू आहे? पूर्वी खडा झाला होता का? एवढं कळल्याशिवाय सकाळ-संध्याकाळ सांगण्यात काही अर्थ नाही.

खाडीपलीकडे
समुद्राकाठी राहून लोकांची हाडं ठिसूळ कशी होतात हेच मला कळत नाही. ऊन खा की! फुकट आहे. व्हिटॅमिन डी मिळालं की कॅल्शियम आपोआप लागतं अंगाला.

घाटावरची
@खाडीपलीकडे, आषाढात कुठलं ऊन? बाकीच्या दिवसांतही दहा ते तीन बायका चुलीपाशी नाहीतर पडवीत, बाहेर पडल्या की डोक्यावर पदर. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यात उपयोगाचं नाही, काच नेमके हवे ते किरण अडवते. समुद्र बघून डी मिळत नाही.

पाणंद
वय ६३. कार्बोनेट आहे. थायरॉइडची गोळी रोज पहाटे घेते, त्यासोबतच कॅल्शियम आणि पित्ताची गोळी, चहाबरोबर. "एकदाच घेऊन टाकते" म्हणते. खडा कधी झाला नाही. आणि आत्ता वाचलं, पाकिटावर १२५० मिग्रॅ आहे! दोन गोळ्या म्हणजे २५०० झालं ना? हे जास्त नाही का? डॉक्टरांनी असं कसं दिलं?

तिरफळ
आता बोलता येईल.

१२५० हे कार्बोनेट या क्षाराचं वजन. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅ. दोन गोळ्यांचे १०००. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं, पण त्यात जेवणातलंही धरायचं. म्हणजे डॉक्टरांनी काही भलतं दिलेलं नाही.

दोन्ही गोळ्या एकदम रात्री नकोत. एका वेळी ५०० च्या आसपासच नीट शोषलं जातं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची: एक दुपारच्या जेवणात, एक रात्रीच्या. उपाशीपोटी चहाबरोबर घेऊन मळमळत असेल तर त्यात नवल नाही.

थायरॉइडची गोळी एकटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. ती आणि कॅल्शियम यांत निदान चार तास हवेत. एकत्र घेतलं की कॅल्शियम थायरॉइडचं औषध धरून ठेवतं, ते पोटातूनच निघून जातं. मग थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला येतो आणि डोस वाढवला जातो. माझ्या काउंटरवर हे सारखं दिसतं.

पित्ताची गोळी कायमची असेल तर आम्ल कमी झाल्याने कार्बोनेट कमी लागू पडतं. सायट्रेट चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

सह्यकडा
इंग्रजी गोळ्यांच्या नादी कशाला लागता? गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना ताकातून घ्या. शिंपल्याचा चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम. पूर्वी पानातून पोटात जायचाच की.

घाटावरची
गव्हाचा दाणा म्हणजे किती मिलिग्रॅम? खपली की लोकवन? :) चुना दाहक असतो. पान खाणाऱ्यांची तोंडं भाजलेली पाहिली नाहीत का कधी? आधीच मळमळणाऱ्या बाईला चुना सांगताय.

सह्यकडा
तुमचा आयुर्वेदाला विरोध आहे एवढं बोला.

घाटावरची
माझा विरोध गव्हाच्या दाण्याला आहे.

आंबेकाका
आमच्या हिने गुडघ्याचं ऑपरेशन गोव्यात केलं, कोल्हापूरलाही छान होतं म्हणतात. दोन्ही गुडघे एकदम करू नयेत. फिजिओथेरपी चुकवू नये. शुभेच्छा.

रापणकर
काका, मनगट मोडलाहा, गुडघो नाय.

काजूबोंड
अवांतर, पण कामाचं. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी वाटतात. आमचे अण्णा ती गोळी कॅल्शियमसोबतच घ्यायचे, तेही दुधाबरोबर. आशाताईंनी पाहिलं आणि ओरडल्या. कॅल्शियम आणि डॉक्सी एकत्र घेतलं की डॉक्सीचा जोर जातो, दोन-तीन तास अंतर ठेवा. डॉक्सी भरपूर पाण्याने घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. लोहाच्या गोळीलाही अंतर लागतं.

कुळीथपिठी
मुतखड्याचं कोणी बोललंच नाही. काकींचं खरं आहे का?

तिरफळ
अर्धवट. जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून घेतं, म्हणून दूध-नाचणी बंद केल्याने खडा टळत नाही, उलट धोका वाढतो. गोळ्यांनी मात्र खड्याची शक्यता थोडी वाढू शकते, विशेषतः गरज नसताना जास्त घेतल्या तर. जेवणाबरोबर घ्यायचं हेही एक कारण. आधी खडा झालेल्याने डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

घाटावरची
पाणंद, एक राहिलंच. डी चालू आहे का? कुठलं आणि कधीपासून? आणि मळमळ सोडून आणखी काही? तहान, बद्धकोष्ठ, वारंवार लघवीला जाणं?

पाणंद
डीची पुडी आठवड्याला एक, ६०,००० ची, दुधातून. शिमग्याच्या सुमारास अंगदुखीसाठी गावातल्या डॉक्टरांनी दिली होती, तेव्हापासून चालू आहे. आता हाडाच्या डॉक्टरांनीही आठवड्याची एक कॅप्सूल दिलीय, ती वेगळी, हिरवी. बद्धकोष्ठ आहे, पण तिला ते अधूनमधून असतंच. तहान लागते खरी, रात्री दोनदा उठते. बीपीची गोळीही आहे, ती सांगायची राहिली, पण तिचा याच्याशी काय संबंध?

तिरफळ
हिरव्या कॅप्सूलच्या पट्टीवर कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन डीच, असं लिहिलंय का बघा. आणि बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव टाका.

पाणंद
हो, कोलेकॅल्सिफेरॉल ६०,०००. बीपीच्या पट्टीवर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन.

तिरफळ
आता सकाळ-रात्र विसरा आणि हे नीट वाचा.

पुडी आणि कॅप्सूल हे एकच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी. आठवड्याला ६०,००० हा कमतरता भरून काढायचा डोस, तो सहसा ८ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक किंवा रोजचा छोटा डोस. दोन्ही मिळून आठवड्याला १,२०,००० म्हणजे रोजचे १७,००० युनिट झाले. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कायम घ्यायची वरची मर्यादा ४,००० आहे. डी चरबीत साठतं, जास्त झालेलं दुसऱ्या दिवशी लघवीतून निघून जात नाही.

बीपीचा संबंध असा: क्लोरथॅलिडोन मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला लावतं. डी जास्त, वर गोळ्या, वर हे. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की मळमळ, बद्धकोष्ठ, तहान, रात्री लघवी, अशीच लक्षणं येतात. साध्या गोष्टींनीही येतात, मी निदान करत नाही. पण उद्याच रक्त द्या: कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. डीची पुढची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. बीपीची आणि थायरॉइडची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आई गोंधळल्यासारखी बोलायला लागली, फार सुस्त झाली किंवा उलट्या थांबेनात, तर फोनची वाट न बघता सरळ दवाखान्यात न्या.

खाडीपलीकडे
म्हणूनच म्हणत होतो. उन्हाने कधी डी जास्त होत नाही.

घाटावरची
हे एक वाक्य मात्र बरोबर आहे तुमचं.

सह्यकडा
मेडिकलवाला चिठ्ठी न बघता महिनोन्महिने पुड्या देतो तेव्हा कोणी काही बोलत नाही. चुन्याला मात्र सगळे नावं ठेवतात.

तिरफळ
पहिलं मान्य. आमच्यातलेही काही तसेच आहेत. चुन्याबद्दल नाही.

पाणंद
सकाळी लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन गेला. हाडाच्या डॉक्टरांचा फोन लागला एकदाचा. त्यांना शिमग्यापासूनच्या पुडीचं काही माहीत नव्हतं, चिठ्ठी नेलीच नव्हती आम्ही. पुडी, कॅप्सूल आणि कॅल्शियमही रिपोर्ट येईपर्यंत बंद ठेवायला सांगितलंय. बीपीचं गावातल्या डॉक्टरांना विचारायचंय. प्लास्टर निघालं की डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करू म्हणाले. मागे शिबिरात टाचेवर मशीन लावून "हाडं कमकुवत" असा कागद दिला होता, तोच दाखवला तर नाही चालणार?

तिरफळ
नाही. टाचेची ती तपासणी चाळणीपुरती असते. डेक्सा कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची करतात, त्यात टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) म्हणतात. खरं तर या वयात नुसतं घसरून मनगट मोडणं हीच मोठी खूण आहे. तसं निघालं तर कॅल्शियम-डी पुरणार नाही, हाडाचं वेगळं औषध लागेल. सगळ्या पट्ट्या आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्या.

आंबेकाका
डेक्साला उपाशी जावं लागत नाही. आमच्या हिचं झालं तेव्हा नाश्ता करूनच गेलो होतो. फक्त कॅल्शियमची गोळी त्या दिवशी घेऊ नका म्हणाले होते.

रापणकर
काका, ह्या एकदम बरोबर सांगलात.