ओंडक्यांच्या केबिनचे कोपरे घट्ट आहेत, पण मधल्या खोबणी उघडल्या : मदत हवी आहे

ऑन्टारिओत, हंट्सव्हिलच्या उत्तरेला घेतलेल्या छोट्याशा जागेवर मी दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवसांत 12 फूट बाय 16 फुटांची ओंडक्यांची केबिन बांधत आहे. लाकूड पांढऱ्या पाइनचे, सरासरी 12 इंच जाडीचे, हिवाळ्यात तोडलेले आणि साल काढून ओलेच रचलेले आहे. नऊ थरांपैकी चार थर मागच्या सप्टेंबरमध्ये पूर्ण झाले.

कोपऱ्यात एकमेकांवर आडवे येणारे ओंडके नीट बसावेत म्हणून गोल खाच आहे. पाणी साचू नये म्हणून ती प्रत्येक वेळी वरच्या ओंडक्याच्या पोटात घेतली, खालच्याच्या पाठीवर नाही. बुंध्याकडची आणि शेंड्याकडची टोके आलटून पालटून ठेवली. पाणसळ लावलेल्या कंपासने खालच्या ओंडक्याचा आकार वरच्यावर उतरवला, चेनसॉने पोखरला आणि कडा पटाशीने साफ केल्या. चूक बहुधा इथेच झाली : कोपऱ्याची खाच आणि दोन ओंडक्यांमध्ये भिंतभर जाणारी लांब खोबण, दोन्ही मी एकाच मापाने आखल्या. तेव्हा सांध्यात पोस्टकार्डही शिरत नव्हते. यंदा जूनमध्ये ताडपत्री काढली, तर कोपरे तसेच घट्ट, पण दक्षिणेच्या भिंतीत तिसऱ्या ओंडक्याखालून उन्हाची रेघ थेट जमिनीवर पडलेली. पोलादी पट्टी घालून मोजले, तर फट 9 मिलिमीटरची भरली.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत आटते, हे ठाऊक होते. म्हणूनच दारावर, फुटाला पाऊण इंच या हिशेबाने, 5 इंच मोकळे सोडणार आहे. मात्र सागाच्या चौकटी जमवणारे सुतार पाहत मोठा झाल्यामुळे ओला पाइन किती आटतो, हे मनात कधी नीट बसलेच नव्हते. आता समजते ते असे की, खाचेच्या जागी बाहेरचे जास्त आटणारे लाकूड निघून गेल्याने कोपरा कमी खाली बसतो, ओंडका दोन्ही टोकांच्या खाचांवर टांगला जातो आणि मधली खोबण उघडते. म्हणून जाणते कारागीर खोबण आधी टेकेल आणि खाचेत मुद्दाम थोडी पोकळी राहील, असे आखतात.

तिसरा आणि चौथा थर उतरवून खाचा खोल कराव्यात, की आहे तसेच ठेवून फटीत फोमची दोरी आणि तिच्यावर लवचिक सीलंट भरावे? उतरवायचे म्हटले, तर आठ ओंडके पुन्हा चेनपुलीने उचलणे आले आणि त्यांतले लांब ओंडके दोनशे किलोंच्या आसपास आहेत. सिमेंटचा मसाला भरण्याचा सल्ला एका शेजाऱ्याने दिला होता, पण लाकूड अजून हलते आहे तोवर तो तडकणार आणि मागे पाणी धरणार, म्हणून तो विचार मी सोडून दिला आहे.

दुसरे असे की, उरलेल्या पाच थरांचे लाकूड वर्षभर आडोशाला रचून ठेवलेले आहे. ओलावामापक 19 टक्के दाखवतो, पण त्याच्या सुया जेमतेम पाव इंच आत जातात. गाभा अजून ओला आहे असे धरून पाचव्या थराच्या खाचेत किती पोकळी ठेवावी, आणि वरच्या थरांत ती कोणत्या प्रमाणात कमी करत न्यावी, हे प्रत्यक्ष बांधकाम केलेल्या कोणी सांगितल्यास आभारी राहीन.