अनुभव धागा: इंदुरातली अभिवाचनं आणि साहित्य महोत्सव

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली भरलं. इथल्या महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव हा साहित्यसोहळा तर आपल्या सवयीचाच. पण मोठ्या मांडवाची गणितं ऐंशी-शंभर खुर्च्यांच्या वाचनाला लागू पडत नाहीत. अशा कार्यक्रमांत जे पडताळून पाहिलंय, ते इथे लिहा.

संहिता बघणारी
वाचन रंगतं की पडतं, ते उताऱ्याच्या निवडीतच ठरतं. मोठ्याने वाचताना मराठी गद्य मिनिटाला साधारण ११०-१२० शब्दांनी पुढे सरकतं. पंधरा मिनिटांना १७०० शब्द पुष्कळ झाले. असे दोन तुकडे घ्या आणि मध्ये गप्पा ठेवा. कादंबरीचं पहिलं प्रकरण बहुधा टाळावं. तिथे नावं, नाती, गाव उभं राहत असतं आणि ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. दोन-तीन पात्रं, भरपूर संवाद आणि चार वाक्यांत सांगता येईल एवढीच पार्श्वभूमी असलेला प्रसंग शोधा. आवाजावरून कोण बोलतंय ते कळत असेल, तर ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ लेखकाला विचारून गाळा.

प्रिंट १६ पॉइंटात, ओळींत दीडपट अंतर, कागद पाठकोरा. वाक्य पानाअखेर तुटू देऊ नका. स्टेपल मारू नका, पानांवर क्रमांक मात्र हवेतच. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. कागदाची सळसळ माइकमधून फार मोठी ऐकू येते.

साउंडवाला
माइक तोंडापासून चार ते सहा इंचांवर, किंचित तिरपा. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट आदळते आणि धप्प असा आवाज येतो. मिक्सरवर लो-कटचं, म्हणजे खालच्या पट्टीतली घरघर गाळणारं बटण असेल तर दाबून ठेवा. माइक शिट्टी मारतो, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा त्यातच शिरतो. म्हणून स्पीकर वाचणाऱ्याच्या पुढे आणि त्यांची तोंडं श्रोत्यांकडे. आवाज कमी वाटला तर आधी माइक जवळ घ्या, बटण नंतर फिरवा. नुसत्या ‘हॅलो, हॅलो’ने चाचणी होत नाही, उताऱ्यातली सगळ्यात हळू आणि सगळ्यात चढी ओळ वाचून घ्या. रिकाम्या हॉलमधला घुमारा माणसं बसली की कमी होतो, तेव्हा पहिली पाच मिनिटं मिक्सर सोडू नका. वाचणाऱ्याच्या डोक्यावरचा पंखा बंद.

तारखा ठरवणारे
अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) या दिवशी राजवाड्याच्या आसपास कार्यक्रम ठेवू नका, लोक पोचतच नाहीत. देवउठनी एकादशीनंतर हॉल घेताना शेजारी मॅरेज गार्डन (लग्नाचं मैदान) आहे का, ते आधी बघून या. बँड सुरू झाला की कुठलाही माइक पुरा पडत नाही.

सूत्रसंचालनातून
स्वागत, दीपप्रज्वलन, परिचय मिळून दहा मिनिटं. शाल-श्रीफळ शेवटी. ‘लिहावंसं का वाटलं?’ या प्रश्नाला सगळ्यांची उत्तरं सारखीच येतात. त्याऐवजी आत्ता वाचलेल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारा. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. कॉर्डलेस माइक फिरवायचाच असेल, तर तो स्वयंसेवकाने हातातून सोडू नये, नाहीतर प्रश्नाचं भाषण होतं.

तरुण मंडळींसाठी
आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं घरात मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. तीनशे पानी मराठी कादंबरी त्यांना जड जाते, पण ऐकलेलं सगळं कळतं. त्यांना नुसतं श्रोते म्हणून बोलावू नका, संवादातली पात्रं वाचायला द्या. दोन तालमी पुरतात. निमंत्रण म्हणून लेखकाच्याच आवाजातली चाळीस सेकंदांची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पत्रिकेपेक्षा ती जास्त फिरते. ही मुलं आली पाहिजेत, एवढं मनापासून वाटतं.

श्रोत्यांतून
महोत्सवात दिवसाला दोनच सत्रं निवडा आणि त्या लेखकांचं थोडंतरी आधी वाचून जा. पुस्तक सत्राआधीच घ्या, नंतर टेबलाभोवती झुंबड उडते. सहीसाठी आपलं नाव चिठ्ठीवर स्वच्छ लिहून पहिल्या पानात ठेवा.

ग्रंथविक्रीच्या टेबलावरून
तळघरातल्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नसते, यूपीआय अडकतं. टेबल जिन्याच्या वरच्या तोंडाशी लावा आणि पन्नासाच्या नोटा जवळ ठेवा. न विकलेल्या प्रती परत घेणार का आणि परतीचं भाडं कोणाकडे, हे प्रकाशकाकडून आधीच लिहून घ्या.