अण्णा काल पुन्हा गेटपाशी

सेक्रेटरी: नमस्कार. काल संध्याकाळी सहाच्या सुमारास ५०३ मधले अण्णा पुन्हा गेटबाहेर निघाले होते. "घरी जायचंय" म्हणत होते. वॉचमननं सुखरूप वर पोचवलं. घरच्यांनी कृपया दाराला कुलूप लावत जावं.

२०४: अण्णांचा फोटो टाका ना ग्रुपवर. सगळ्यांना चेहरा कळेल.

५०३: फोटो नको, प्लीज. खिशात आमच्या नंबरची चिठ्ठी असते, वॉचमनकडेही नंबर आहे. कुलूप लावून पाहिलं. कोंडलंय म्हणून दार बडवत बसले, हात सुजले. आणि आम्ही बाजूच्या खोलीत असताना आग लागली तर? आता दाराला घंटी लावलीय. काल मी बाथरूममध्ये होते, ऐकू आली नाही. माफ करा.

३०१: वहिनी, माफी कसली. पण मला एक कळत नाही. मी तिथेच होतो. सरळ सांगितलं, "अण्णा, हेच तुमचं घर, वीस वर्षं इथेच राहताय." तर माझ्यावरच उखडले. मी काय चुकीचं बोललो?

५०३: चुकीचं काहीच नाही काका. मीही वर्षभर तेच करत होते, रोज भांडण.

७०२: तीस वर्षं नर्सिंग केलंय म्हणून लिहिते. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, संध्याकाळी ही घालमेल अनेकांची वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. दिवसभराचा थकवा, उतरता उजेड, लांबलेल्या सावल्या, आणि शरीराचं घड्याळही बिघडलेलं. "घरी जायचंय" याचा अर्थ पुष्कळदा "इथे मला धीर वाटत नाहीये" एवढाच असतो. पत्ता सांगून धीर येत नाही. पाच वाजताच घरातले दिवे लावा, पडदे ओढा, फरक पडतो.

३०१: म्हणजे "चला, घरी नेतो" असं खोटं सांगून लिफ्टनं वर आणायचं? पटत नाही बुवा. माणूस आजारी आहे म्हणून फसवायचं?

७०२: फसवू नका. वादही घालू नका. "घरी कोण कोण असतं?" असं विचारा आणि सोबत चालत राहा.

५०३: सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. "ही कुठे गेली?" विचारायचे, मी खरं सांगायचे. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. एकदा दिवसात चार वेळा रडले. त्यानंतर मी सोडून दिलं. आता म्हणते, "आठवण येतेय ना?" मग तेच सांगत बसतात, दिवा चालू ठेवला म्हणून ती कशी ओरडायची ते.

२०४: पण विसरतातच ना लगेच? मग कसंही बोललं तरी काय?

७०२: नाही हो. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये याच प्रश्नावर अभ्यास झाला. अल्झायमर हा डिमेन्शियाचाच एक प्रकार, त्याच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते विसरले, पण मनातलं दुःख किंवा आनंद मागे राहिला. कोण ओरडलं ते अण्णा विसरतील. दुखावल्यासारखं वाटणं तसंच राहील, आणि का वाटतंय ते त्यांनाही सांगता येणार नाही.

१०५: माझ्या बहिणीचंही हल्ली असंच चाललंय. साठी बुद्धी नाठी म्हणून आम्ही हसण्यावारी नेतो.

७०२: काकू, तसं सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

५०३: अण्णांचंही मागच्या महिन्यात दोन दिवसांत एकदम बिघडलं. खोलीत माणसं दिसायला लागली. आम्हाला वाटलं आजार वाढला. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली, तर जंतुसंसर्ग निघाला. तो बरा झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखे झाले. ताप अजिबात नव्हता.

७०२: हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. डिमेन्शिया सहसा हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत माणूस बदलला तर वेगळं काहीतरी शोधावं लागतं.

५०३: सेक्रेटरीसाहेब, एक विनंती. लिफ्टसमोरचं नवीन काळं पायपुसणं बदलता येईल का? अण्णांना तो खड्डा वाटतो. पाय ठेवत नाहीत, भिंतीला धरून कडेनं जातात. पडतील अशी भीती वाटते.

सेक्रेटरी: अरे, हे लक्षातच आलं नव्हतं. आजच काढतो, फरशीच्या रंगाचं आणतो.

१०५: आणि तुझं काय गं? अण्णांचं सगळे विचारतात.

५०३: खरं सांगू काकू? रात्रीत तीनदा उठतात. कोणी दुपारी तासभर त्यांच्यापाशी बसलं तर मी झोपेन.

१०५: मंगळवार, शुक्रवार मी येते. विणकाम घेऊन बसेन.

३०१: संध्याकाळी साडेपाचला मी त्यांना खाली फिरवीन. खोटं मात्र बोलणार नाही, आधीच सांगतो.

(दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६:४०)

३०१: तीन चकरा झाल्या. गेटकडे वळलेसुद्धा नाहीत. मला चार वेळा विचारलं, "तुम्ही इथे नवीन आलात का?"

५०३: मग तुम्ही काय म्हणालात?

३०१: पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर हो म्हटलं.